मेहरुनबीच्या श्वासनळीचं कडं

तार चढवत असताना चांदसाहेब कुणाशी बोलत नाहीत, हे मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तार कधी 'आता पुरे' म्हणते ते आधी कानाला कळतं, मग बोटांना, आणि डोक्याला सगळ्यात शेवटी. स्वतःच्या लग्नात वाजंत्री दारात आले तरी हा गडी कुणाच्या तरी तंबोऱ्याची खुंटी पिळत बसला होता. नवरदेवाला हुडकायला माणसं धावली! बायको, मेहरुनबी, तो टोमणा अजून मारते. पण त्या गोष्टीला लांबण लागेल. सांगायची आहे ती मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतली.

मेहरुनबीला दमा जुना. रात्रीची गोळी ठरलेली. यंदा तिच्या फुफ्फुसात गाठ दिसली, म्हणून डॉक्टरांनी गाठीसकट फुफ्फुसाचा एक भाग काढला. गाठ तपासायला गेली आणि बाजूचा चांगला तुकडा दम्याच्या औषधाच्या प्रयोगासाठी गेला. ऑपरेशनच्या आधी दोघांनाही विचारलं होतं. मेहरुनबी तेव्हा भ्यायलेली. कुणी काहीही विचारलं तरी ती मान डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या लावलेल्या अवस्थेत तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं?

"आवं, माझा तुकडा मातीत घातला का?"

आता त्यांच्या घरात रीत अशी, की अंगापासून सुटलेली वस्तू मातीला द्यायची. पडलेला दात असो, कापलेली नखं असोत. मेहरुनबीची दाढ परसातल्या पेरूखाली आहे.

"औषधाला दिलाय न्हवं? तूच मान हलवलीस."

"मान काय, बकरी पण हलवती! जावा, घेऊन या. त्याशिवाय माझ्या घशाखाली घोट उतरायचा न्हाई."

आणि खरंच, तिनं चहाचा कप परत केला.

चांदसाहेब निघाले. त्यांना वाटलेलं, बाटलीत काहीतरी तरंगत असेल, टोपण लावून आणायचं. प्रयोगशाळेत संयोगिता भेटली. मेढ्याकडची पोरगी, संशोधन करणारी. तिनं दाखवलं ते पाहून ते दारातच थबकले. काचेच्या दोन उभ्या भांड्यांत कोमट पाणी, त्यात बुडबुडे. प्रत्येक भांड्यात बाहुलीला बांगडी म्हणून होईल एवढं फिकट कडं, दोऱ्यानं टांगलेलं. दोरा वर एका आकड्याला, आकड्याला पिळायचा बारका स्क्रू. दोऱ्याला किती ओढ बसते ते शेजारच्या पडद्यावर रेघ दाखवत होती.

म्हणजे खुंटीच की! चांदसाहेबांची बोटं शिवशिवली.

"ही काकूंच्या श्वासनळीच्या बारीक फांदीची कडी," संयोगिता म्हणाली. "अजून जिवंत आहेत. आवळतात, सैल होतात."

"जित्ती हायत?"

"एका अर्थी हो."

चांदसाहेब गोंधळले. मेहरुनबी तिकडं खाटेवर जिती, आणि इकडं भांड्यात पण जिती. मेलेलं मातीला देतात. जितं कसं द्यायचं? कुणाला विचारायचं हे?

"काका, दम्यात अंगातच एक रसायन सुटतं, ल्युकोट्रिन. ते नळीवर ठरलेल्या जागी येऊन बसलं की नळी आवळते. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? तसं औषध आधीच जागा धरतं. रसायन आलं तरी बसायला जागाच नाही."

चांदसाहेबांनी वाकून भांड्यात पाहिलं. "रुमाल कुठाय?"

"दिसत नाही हो तो! या डाव्या भांड्यात नवं औषध घातलंय, उजव्यात नाही. आता दोन्हीत ल्युकोट्रिन सोडते. फरक बघायचा."

तिनं थेंब सोडले. डाव्या भांड्याची पडद्यावरची रेघ सपाट राहिली. उजवीकडची हळूहळू चढायला लागली. चढली, आणखी चढली. दोरा ताठ झाला. चांदसाहेबांच्या कानात मेहरुनबीच्या दम्याची ती पहाटेची शिट्टी वाजू लागली. उशाला बसून हात चोळण्यापलीकडं त्यांना कधी काही करता आलं नव्हतं. संयोगिता पाठमोरी होऊन काचनळी धूत होती. रेघ आणखी चढली. कान म्हणाला, तुटतंय.

आणि बोटांनी स्क्रू सैल केला.

रेघ धाडकन खाली.

"काका! काय केलंत?"

"ढिलं केलं. आवळत हुतं गं."

"ते आवळायलाच हवं होतं! दोन्हीतला फरक मोजायचा होता मला. सकाळपासून बसलेय!" तिला रडावं की हसावं कळेना. "आता हे कडं बाद. मोजणीला चालायचं नाही."

चांदसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. तरी बाद हा शब्द त्यांनी धरला. "मग ह्येच देतीस का? तिला मातीत घालायचं हाय. चा पण घेईना झालीय."

संयोगितानं हातमोजे काढले. मग तिनं सरांना फोन लावला, बराच वेळ समजावलं, आणि कडं छोट्या डबीत घालून दिलं. "थंड ठेवलेली आणखी आहेत. पुन्हा मांडते. प्रयोग संपला की तीही देईन. पण काका, येताना हात खिशात!"

वॉर्डात मेहरुनबीनं डबी कानाशी हलवून पाहिली. "एवढंच? बाकीची?"

"बाकीची कामाला हायत."

"घरात मीच कामाला, आता तिथंबी मीच!" ती हसली, हसताना टाके दुखले म्हणून चिडली. मग म्हणाली, "द्या तो चा."

संध्याकाळी चांदसाहेबांनी कडं पांढऱ्या कापडात गुंडाळून पेरूखाली दाढेशेजारी ठेवलं, माती ओढली. सैल होऊन मेलं का मरून सैल झालं, हे काही त्यांना उमगलं नाही. बाकीची यायची होती, म्हणून खुरपं तिथंच रोवून ठेवलं.