दिगूदादाचे कागद

दिगूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात भेंडी निवडत होते. तुरुंगातल्या शिपायाने माझं नाव विचारून घेतलं आणि ‘सकाळी मयत झाले’ म्हणाला. मी भेंडी घेतली, घरी आले, भाजीही केली. महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. त्याची मला लाज वाटते.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सेनगावकडच्या आमच्या शेतात खुरपं असो की विळा, काम संपलं की धुऊन, पुसून खुंटीला अडकवल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. विशीत त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. नांदेडच्या एका डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं बरा होता. मग मला पाहुणे बघायला येणार म्हणून आईने त्याच्या दवाखान्याच्या सगळ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या, गोळ्याही बंद केल्या. भाऊ असा आहे हे कळलं तर पोरीला कोण करून घेणार... मी शेजारीच पोहे निवडत होते. निवडत राहिले. माझं लग्न जमलं.

माझी लेक पाळण्यात असताना दादाने आबांना, आमच्या सख्ख्या चुलत्यांना, कुऱ्हाडीने मारलं. त्यांनीच त्याला सायकल शिकवली होती. ते पाण्यात विष कालवतात, असं तो महिनाभर सांगत होता. मारल्यावर त्याने कुऱ्हाड धुतली, पुसली आणि खुंटीला अडकवली. आमचे वकील आईला म्हणाले, “आपण काय करतो हे त्याला कळत नव्हतं, एवढं सिद्ध झालं तर सुटंल. मावशी, जुना कागद हाय का एखादा?” नांदेडचे डॉक्टर तोवर वारले होते, दवाखाना बंद पडला होता. आई कोर्टात म्हणाली, “म्याच जाळले साहेब. पोरीचं जमून राहिलं होतं.” सरकारी वकिलांनी विचारलं, कळत नव्हतं तर कुऱ्हाड धुतली कशाला? जन्मठेप झाली. आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं... ते मला अजून दिसतं.

भेटीला गेले की दादा एकच विचारायचा, “आबा बरे हायत न्हवं?” मी व्हय म्हणायचे.

अंत्यविधीनंतर त्याची कापडी पिशवी मिळाली. एक टॉवेल, आणि तुरुंगातल्या डॉक्टरांच्या वीस वर्षांच्या चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीपासून आजाराचं नाव लिहिलेलं. सगळ्या निकालानंतरच्या.

उद्या लेकीला बघायला पाहुणे येणार आहेत. सकाळी हे म्हणाले, “ती पिशवी आत ठेव, लोकं इचारतील.” मी ती पुसली आणि बैठकीतल्या खुंटीला अडकवली. मग पोहे निवडायला बसले. लेक शेजारी येऊन बसली.

“आई, ती पिशवी काहून इथं?”

“मामाचे कागद हायत,” मी म्हणाले. “कुणी इचारलं तर दाखवायचे.”