मआरिफचा पत्ता

निसरीन रोज कॉलेजच्या दोन थांबे आधीच बसमधून उतरायची. कोपऱ्यावर एकेक पाय उचलून बुटांवरचा चिखल जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, आणि मआरिफ या सुखवस्तू भागातल्या एका सहा मजली इमारतीच्या दारात जाऊन विचारायची, "बा ब्राहीम, काही आलंय?"

"विजेचं बिल आलंय. भरतेस?" म्हातारा रखवालदार विचारायचा.

त्या इमारतीत ती राहत नव्हती. तिसऱ्या मजल्यावर तिची आई धुणीभांडी करायची, एवढाच संबंध. घर आमच्या शेजारी, कासाब्लांकाच्या पार टोकाला, दुआर लहमरच्या पत्र्यांच्या वस्तीत.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती. शेअर दलालांच्या पेढ्या उन्हाळ्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं उमेदवारीला घेत आणि पुढे नोकरीवरही त्यांनाच ठेवत. पदवीनंतर दार ठोठावणाऱ्याला कोणी विचारत नसे. हे तिला लवकर कळलं होतं. आई कामावरून जुनी व्यापारी साप्ताहिकं आणायची, पावाखाली अंथरायला. निसरीन पीठ झटकून ती आधी वाचून काढायची. मला फॉस्फेटचे भाव सांगायची. मी जांभई दिली तरी सांगायची.

खऱ्या पत्त्यावरून तिने एकतीस अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही. वर्गातला एक मुलगा हसून म्हणाला, "लहमर वाचलं की पुढचं कोण वाचतंय? तुमच्या पाकिटालाच गंजाचा वास येतो." बत्तिसाव्या अर्जावर तिने मआरिफचा पत्ता घातला.

एप्रिलमध्ये पत्र आलं. बा ब्राहीमने ते आपल्या जेलाब्याच्या, त्या पायघोळ झग्याच्या, टोपीत जपून ठेवलं होतं. "घे बाई. आता तरी माझा उंबरा झिजवणं थांबव."

मुलाखत झाली, जागा मिळाली. फक्त आठवड्याच्या आत रहिवासाचा दाखला आणून द्यायचा होता. अर्ज करताना तिने टपालाचा विचार केला होता, दाखल्याचा नाही.

दाखला मिळायचा मुकद्दमच्या शब्दावर. गल्लीत कोण कुठे राहतं याची खबर ठेवणारा हा सरकारी माणूस. तो चौकशीला आला तेव्हा मी निसरीनसोबत मआरिफच्या त्या इमारतीच्या दारातच उभी होते.

"ही इथं राहते?" त्याने बा ब्राहीमला विचारलं.

"रोज दिसते की मला."

"रोज तर दूधवालाही दिसतो. झोपते कुठं?"

बा ब्राहीमने आमच्याकडे पाहिलं. जिन्याखालची खोली आणि गावाकडे पाठवायचा पगार, दोन्ही त्याला याच दाराने दिलेलं होतं. मुकद्दमने वही उघडली. "नाव सांग तुझं, ब्राहीम. पूर्ण. तुझ्या साक्षीवर लिहितो."

म्हातारा घसा खाकरत राहिला. मग निसरीनच म्हणाली, "दुआर लहमर. इथं मी फक्त पत्रं घ्यायला येते."

मुकद्दमने वही मिटली. "मग आमचा वेळ कशाला घेतलास, पोरी?"

बा ब्राहीम तिच्या मागे दोन पावलं आला. "मी हो म्हणणार होतो गं."

"माहितीय," ती म्हणाली.

लहमरचा खरा दाखला घेऊन ती पेढीवर गेली. तिथल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली, चहाही मागवला. "तुम्ही हुशार आहात," बाई म्हणाल्या, "पण स्वतःचाच पत्ता खोटा लिहिणाऱ्याच्या हाती लोकांचे पैसे कसे द्यायचे?" खऱ्या पत्त्याचा अर्ज आधी त्यांच्याकडेही गेला होता, एकतिसातला एक. निसरीनने तो विषय काढला नाही. चहा पिऊन आली.

नंतर तिने आणखी काही अर्ज लिहिले, खऱ्या पत्त्यावरून. मग लिहिणं थांबलं. पावाखालची साप्ताहिकं न वाचताच तेलकट होऊ लागली. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून तिने दूर उत्तरेला, तांजियर शहरात कॉल सेंटरची नोकरी धरली. फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांशी 'सिल्व्ही' म्हणून बोलायचं. नाव बदलणं तिथे नियमातच होतं.

मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले. फलाटावरच्या बाकड्यावर आम्ही तिच्या आईने डब्यात दिलेला पाव आणि तेलातले ऑलिव्ह खाल्ले. ती मुलाखतीचाच कोट घालून आली होती. त्यानंतर ती मला दिसली नाही. पहिल्या ईदला आली नाही, दुसऱ्या ईदला फोनही आला नाही.

त्या दिवशी बस सुरू झाल्यावर तिने खिडकीतून रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"आईला दे. आणि आडवा धरू नकोस गं, झाकण सैल आहे, तेल सांडेल."