देवचार डिलीट होत नाही

"सर, डिलीट दाबलं की लाल पट्टी येते!" वैशाली रडकुंडीला आली होती. वेंगुर्ल्याजवळचा काजू कारखाना. ती तिथली कम्प्युटर ऑपरेटर, मी त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. दुपारी तीनला खरेदीदार कंपनीच्या तपासनीस बाई येणार होत्या. साडेबारा वाजले होते.

काढायचा होता एक कर्मचारी. नाव: देवचार. ड्युटी: रोज चोवीस तास. सुट्टी: एकही नाही.

मी कपाळावर हात मारला. बाहेरच्यांसाठी सांगतो, देवचार म्हणजे गावाची हद्द राखणारा. काठी घेऊन फिरतो, दिसत नाही. पण आमच्याकडे 'तो नाही' असं म्हणायची कोणाची छाती नाही.

"हे कोणी भरलं गो?"

"मीच. गोडाऊनच्या एंट्रीत रात्रीचा जबाबदार माणूस विचारतात. रिकामं सोडलं तर सेव्हच होत नाही. भाऊंना विचारलं, तर म्हणाले, देवचार आसा मा, रात-दिस!"

भाऊ म्हणजे मालक. दारातच उभे होते. "मगे? खोटा काय सांगलंय? तीन वर्सांत एक बी चोरीक गेली नाय!"

अहो, पण माणसाला चोवीस तास राबवतात असं दिसलं तर ऑर्डर रद्द. मग काजू सोलणाऱ्या चाळीस बायका मोसमभर घरी. त्या खिडकीतून माझ्याकडेच बघत होत्या.

लाल पट्टीचं कारण साधं. ज्या नावाला दुसऱ्या नोंदी चिकटलेल्या असतात, ते नाव सॉफ्टवेअर काढू देत नाही. इथे तीन वर्षांचं प्रत्येक पोतं देवचाराच्या नावावर. त्यातले काजू केव्हाच परदेशात लोकांच्या पोटात गेलेले.

"नोंदींतला नाव बदल मरे," भाऊ म्हणाले.

"ती खाडाखोड होते, भाऊ. कोणी बदललं तेही दिसतं."

उरला एकच उपाय, इनॅक्टिव्ह. नाव राहतं, हजेरी थांबते. मी बटण दाबलं. सॉफ्टवेअरने कारण विचारलं: राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी, मृत्यू.

"बडतर्फी टाकू?" वैशालीने विचारलं.

"गप गो!" भाऊंनी हात जोडून तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं. "बा देवचारा म्हाराजा, ह्या पोरांका समज नाय, सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!" खिडकीतून चाळीस बायका एका सुरात.

आणि दारात तपासनीस बाई. तीनच्या ऐवजी पावणेदोनला! त्यांनी स्क्रीन बघितला. "चोवीस तास?"

लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं खरं सांगून टाकलं.

"मी इथल्याच कसालची," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला देवचार सांगू नका. आठ दिवसांत खरा रखवालदार नेमा, मग ह्यांची निवृत्ती टाका. ऑर्डरला माझी हरकत नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई दारातून मागे वळल्या. "भाऊ, तीन वर्सां राबवल्यात तेका. नवीन व्हाणो दिल्यात मा?"

भाऊंची मान खाली. फिरून फिरून देवचाराच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या असतात. ते राहूनच गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी हद्दीवर नवा जोड ठेवला.

रखवालदार लागला. बायकांचं काम सुरू राहिलं. नवव्या दिवशी वैशालीचा फोन.

"सर, निवृत्ती टाकली. परत लाल पट्टी."

"आता काय म्हणतंय?"

"कर्मचाऱ्याने कंपनीची वस्तू परत केलेली नाही. वहाणा, एक जोड."

नियमाची पक्की पोर. दिलेली वस्तू नावावर टाकायची, हे मीच तिला शिकवलेलं.

"भाऊ म्हणतात, परत मागायला तुम्हीच जा. अमावस्येला."

मी तक्रार तिथेच बंद केली. शेरा लिहिला: सॉफ्टवेअर ठीक चालू आहे. कर्मचारीही.