लायसन मेहुण्याच्या नावावर

अडतीस साली विम्याचा नवा कायदा आला तेव्हा मला विमा विकायचं काम करायला लागून सहा वर्षं झाली होती. आधी ते माझे यजमान करत. ते गेल्यावर मी हाती घेतलं. ते लोणावळ्याहून सायकलवर हिंडायचे, मी चालत जायचे. माझी गिऱ्हाइकं बहुतेक रेल्वेतली, घाटात लाइनीवर काम करणारे गँगमन आणि इंजिनावरचे फायरमन. कागदावर अंगठा नवऱ्याचा असला तरी विम्याचं ठरायचं त्यांच्या बायकांशी बोलून. घरातला कर्ता माणूस गेल्यावर काय होतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

नव्या कायद्याने लायसनशिवाय विमा विकायला बंदी आली. आमच्या भागाच्या चीफ एजंटांनी आम्हा काम करणाऱ्यांना घरी बोलावून समजावलं की यापुढे तीन वर्ग. पहिला त्यांचा स्वतःचा, दुसरा लायसनवाल्या एजंटांचा, तिसरा ‘माहितगारां’चा. माहितगाराने गिऱ्हाईक शोधायचं, अर्ज भरायचा आणि सहीसाठी एजंटाकडे आणून द्यायचा; कमिशन एजंटाच्या नावावर, त्यातला थोडा वाटा माहितगाराला. मला तिसऱ्या वर्गात घातलं. माझ्या अर्जांवर सही करणार होता त्यांचा मेहुणा. तो लोणावळ्याबाहेर कधी पाऊल टाकत नसे.

“बायकांना लायसन मिळत नाही का?” मी विचारलं.

“कायद्यात बसत नाही, बाई. पण तुमचं काही अडणार नाही. काम चालूच राहील.”

मी मान डोलावली. मराठी सातवी पास होते, कायदा कुठे वाचायला मिळेल हे विचारू शकत होते. विचारलं नाही.

वर्षभराने कुरवंड्याचा एक गँगमन विषमज्वराने गेला. त्याचा अर्ज मीच भरला होता. महिन्याभरात त्याची बायको माझ्या दारात आली. पाणी दिलं तर प्यायली नाही.

“बाई, त्यो तुमचा सायब म्हनतो, मी ह्या मान्साला वळखत न्हाई. मंग सही कुनाची हाय त्या कागदावर?”

अडचण अशी होती की रेल्वेच्या कागदावर त्याचं एक नाव होतं आणि गावात दुसरं. मेलेला माणूस तोच, असं कंपनीला एजंटाकडून लिहून हवं होतं. मेहुण्याने ‘ओळखत नाही’ असं लिहून हात झटकले. खरंच ओळखत नव्हता तो. मी चीफ एजंटांकडे गेले, म्हटलं, मी लिहून देते.

“तुमच्या लिहिण्याला किंमत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्ही एजंट नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वडगावला गेले. कोर्टात एक म्हातारे वकील होते, त्यांनी कायदा काढून मला मराठीत सांगितला. लायसन कुणाला द्यायचं नाही, ते त्यात स्पष्ट होतं: अज्ञान मुलाला, वेड्याला आणि अफरातफरीत शिक्षा झालेल्याला.

“आणि बायकांना?”

“बायकांचं यात काही नाही.”

“माहितगारांचा वर्ग?”

वकिलांनी चष्मा काढला. “हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकतोय.”

तिथेच बसून लायसनचा अर्ज लिहिला आणि कंपनीच्या मुख्य कचेरीला एक पत्र लिहिलं: त्या गँगमनचा अर्ज मी भरला आहे, अक्षर ताडून पाहावं.

पुढे मुख्य कचेरीतून एक इन्स्पेक्टर आले. चीफ एजंटांच्या घरी त्यांनी मेहुण्याला आणि मला समोरासमोर बसवलं.

“माणसाच्या अंगावरची खूण सांगा,” ते म्हणाले.

मेहुण्याने चीफ एजंटांकडे पाहिलं.

“डाव्या कानाची पाळी फाटलेली,” मी म्हटलं. “लहानपणी बाळी ओढली गेली होती. घाटात दगड फोडताना डावा अंगठा चेचला होता, म्हणून अर्जावर उजवा अंगठा घेतला.”

इन्स्पेक्टरांनी कागद उलटून पाहिला आणि वहीत लिहून घेतलं. नंतर ते कुरवंड्यालाही जाऊन आले. त्या बाईचे पैसे सुटले. माझं लायसन टपालाने आलं.

मेहुण्याचं लायसन काढून घेतलं, पण चीफ एजंटांना कुणी काही विचारलं नाही. मी विचारलं. तो तिसरा वर्ग कुठल्या कायद्यातला, म्हटलं.

“ती आपली सोय होती, बाई. मनाला लावून घेऊ नका.”

सोय कुणाची, असं मी विचारलं. त्यांनी चहा सांगितला. मी तो न घेता उठले. काही वर्षांनी ते निवृत्त झाले, तेव्हा सत्काराचं बोलावणं मलाही आलं होतं. त्या दिवशी मी मुद्दाम सोमाटण्याला कामाला गेले.