शेजारणीचं ग्रहण

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीच्या पावसाळ्यात सूर्यग्रहण लागलं, तेव्हा मी आणि माझी शेजारीण, दोघीही पोटुशी होतो. वरठीला आमच्या खोल्यांची भिंत एकच, नवरेही एकाच कारखान्यात. ती दुपारपासून दार लावून बसली. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर बाळात खोट राहते, असं तिच्या घरी मानत. आमच्या घरी आजोबांनी धम्म घेतल्यापासून असलं काही पाळत नव्हते. मी ऐन ग्रहणात विळीवर वांगी चिरली, आणि तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हटलं. शहाणपणाचा तोराच होता मला.

तिला मुलगा झाला, मला मुलगी. लेक चार वर्षांची झाली तेव्हा तिचा ताप उतरेना, अंगावर निळे डाग उठले. नागपूरला रक्ताचा कॅन्सर निघाला. आज ती बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मला कोण सांगणार होतं?

मी जळायला लागले. टक्कल पडलेल्या लेकीला कडेवर घेऊन स्टेशनवरून यायची, तर शेजारणीचं पोरगं टायर पिटाळत धावत असायचं. केवढे केस त्याच्या डोक्यावर! त्याला साधं पडसं झालं तरी मला बरं वाटायचं. लाज वाटते, पण वाटायचं. ज्या ग्रहणाला हसले, त्याचाही हेवा वाटू लागला. तिनं पाळलं, तिचं निभावलं.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना वांग्यांचं सांगितलंच. त्या म्हणाल्या, "सुरुवात बहुधा पोटातच होते, पण चिरण्यानं नाही. एखाद्या पेशीत आपोआप चूक होते. अशी चूक कितीतरी बाळांत असते. पुढे आणखी काही बिघडलं तरच आजार होतो, बहुतेकांना काहीच होत नाही."

त्याच संध्याकाळी शेजारीण दारात येऊन रडायला लागली.

"सांगू काय तुले? त्या दिवशी मीनंही कांदा चिरला होता. लपून. भूक आवरली नाही वो. सासूले अजून माहीत नाही."

माझं मन हलकं व्हायला हवं होतं. उलट अंगाची आग झाली. चिरलं दोघींनी, आणि भोगायचं मी एकटीनं?

"माह्या पोराचं रक्त तपासू काय? डाक्टरीण काय म्हणते?"

उत्तर जिभेवर होतं. "मले काय माहीत," म्हणून मी दार लोटलं.

आठ दिवस ती पोराला उन्हात उभं करून अंगावरचे डाग शोधत राहिली. त्याचं खेळणं बंद केलं. तिचं जेवण सुटलं. मी खिडकीतून बघत होते. नवव्या दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिला सांगितलं.

तिनं आधी पोराला बाहेर खेळायला सोडलं, मग विचारलं, "मंग त्याच दिवशी काहून नाही सांगितलं वो?"

"तुह्या पोराले काही नाही झालं म्हणून," मी म्हटलं.