निरोपाचा सराव

मिसाओने आयुष्यातला पहिला मार खाल्ला तो ओल्या दोराचा. जपानमधल्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात तिच्या बापाचं मासळीचं दुकान होतं आणि बर्फाच्या पेट्या आवळायचा दोर कायम त्याच्या हाताशी असायचा. दारू पिऊन मारणाऱ्यांतला तो नव्हता. चांगला शुद्धीत, कामाच्या ओघात, माशी हाकलावी तसा मारायचा. आई तेव्हा शिंपल्यांची टोपली उचलून मागच्या दाराने बाहेर जायची.

तिसरीत असताना मिसाओने वर्गातल्या एका मुलाचे दोन दात पाडले. संध्याकाळी हवालदार घरी आला. आता पोरीपायी नाक घासावं लागणार म्हणून बाप आधीच वाकून उभा राहिला. पण हवालदार म्हणाला, "हातात जोर आहे पोरीच्या. चौकीच्या मागे आमचा आखाडा आहे, पाठवत जा."

चौकीच्या आखाड्यात केंदो शिकवायचे. हातात बांबूची तलवार, डोक्यावर लोखंडी जाळीचा मुखवटा, छातीला कवच. समोरच्याच्या टाळक्यात हाणायचं, आणि ते बरोबर बसलं की मोठी माणसं "शाबास" म्हणायची. मारल्याबद्दल शाबासकी मिळते हे मिसाओला तिथे पहिल्यांदा कळलं. त्यानंतर ती दुसरं काही मनापासून शिकली नाही.

केंदोच्याच जोरावर ती विद्यापीठात गेली. मुलींचा क्लब लहान होता, पण प्रांतात त्याची दहशत होती. पहिल्या वर्षी वरच्या वर्गातल्या ताया सांगतील ते करायचं: जमीन पुसायची, त्यांच्या घामट हातमोज्यांना ऊन दाखवायचं आणि मार खायचा. तेव्हाच्या कॅप्टनने तिला भिंतीवर इतक्या जोरात आदळलं होतं की गळ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यात "जिन्यावरून पडले" असं तिने कोणी न शिकवता सांगितलं. दुसऱ्या वर्षी तिच्या खाली नव्या मुली आल्या आणि ती मारायला लागली. तिसऱ्या वर्षी ती उपकॅप्टन झाली. पोलिसात भरती व्हायचं तिचं ठरलेलं होतं आणि त्यासाठी क्लबची शिफारस लागणार होती.

पोलीस भरतीत इंग्रजीचेही गुण होते. म्हणून त्या उन्हाळ्यात ती स्टेशनमागच्या लहानशा चर्चमध्ये संध्याकाळच्या फुकट वर्गाला जायला लागली. दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या मुलखातून एक गट तिथे यायचा, दोन आठवडे विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायचा, गिटारवर गाणी म्हणायचा आणि जाता जाता येशूबद्दल सांगायचा. त्या वर्षीच्या गटाचा म्होरक्या होता ड्वेन. घरी नळजोडणीची कामं करणारा हा धिप्पाड माणूस चर्चच्या दारातून आत येताना दर वेळी डोकं आपटून घ्यायचा. चर्चचे पाळक नीमी त्याचं बोलणं जपानीत सांगायचे. ते सत्तरीचे, किडकिडीत, हळू आवाजाचे होते.

मिसाओने सोबत चिनामीला ओढून नेलं होतं. चिनामी पहिल्या वर्षाची होती. तलवार धरायला बरी, पण मारायच्या आधी तिचे डोळे मिटायचे.

पहिल्याच दिवशी ड्वेनने मिसाओला विचारलं, तू काय करतेस. तिने सांगितलं आणि रीतीप्रमाणे पुढे म्हणाली, "कधीतरी आमचा सराव बघायला या." हे कुणीही कुणालाही म्हणतं. म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की कोणी येत नसतं.

शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारी गाणी झाल्यावर ड्वेन घोगऱ्या आवाजात म्हणाला, ज्यांना आपलं आयुष्य येशूच्या हाती द्यायचंय त्यांनी हात वर करा. मिसाओने लगेच हात वर केला. इतक्या लांबून आलेला पाहुणा काहीतरी मागतोय आणि आपण हात मांडीवर ठेवून बसायचं, हे कसं दिसेल. खोलीतल्या सगळ्याच विद्यार्थ्यांना तसं वाटलं असावं, कारण सगळेच हात वर गेले. ड्वेनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याच्या गटातली ट्रेसी नावाची मुलगी तर हुंदके द्यायला लागली. पाळक नीमी मात्र मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते. हे हात ते दर उन्हाळ्यात बघत आले होते. पुढच्या रविवारी त्यातला एकही दिसायचा नाही.

परतताना दोघी सायकली हाताने ढकलत चढ चढत होत्या.

"ताई," चिनामी म्हणाली, "मी खरंच केला."

"काय?"

"हात वर."

"मीपण केला की. त्यात काय एवढं."

"तसं नाही. मला खरंच जायचंय. दर रविवारी."

मिसाओ थांबली. "रविवारी सकाळी सराव असतो."

"म्हणून क्लब सोडणार आहे. संध्याकाळी इकडे यायच्या आधीच उत्सुमी कॅप्टनना सांगून आले."

"वेडी आहेस का तू? आधी मला सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगू दिलं नसतं."

"काय म्हणाली उत्सुमी?"

"म्हणाल्या, उद्या निरोपाचा सराव."

निरोपाचा सराव म्हणजे काय हे मिसाओला कोणी समजावायची गरज नव्हती. क्लब सोडणारीने सगळ्या वरच्या मुलींसमोर एकेक करून उभं राहायचं. प्रत्येकीने मनाला येईल तितकं मारायचं. शेवटी कॅप्टन. पडलं तर उठायचं. शेवटच्या फेरीनंतर उभं राहून कॅप्टनला वाकून "आभारी आहे" म्हणायचं आणि तिने उलट वाकून नमस्कार केला की सुटका. उभं राहता आलं नाही तर निरोप झालाच नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून. मिसाओने पाहिलेल्या दोघींपैकी एकीचं बोट तुटलं होतं. दुसरीने मधूनच माघार घेतली आणि ती क्लबातच राहिली.

"उद्या येऊ नकोस," मिसाओ म्हणाली. "घरी निघून जा. आजारी पड."

"मग सोमवारी घेतील."

"डोळे मिटतेस तू चिनामी. मिटलेल्या डोळ्यांनी मार जास्त लागतो."

"उद्या उघडे ठेवीन," चिनामी म्हणाली, आणि चढ संपला म्हणून सायकलवर बसली.

शनिवारी दुपारी आखाड्यात मुली ओळीने गुडघ्यांवर बसल्या असताना दारात गडबड झाली. ड्वेन डोकं वाकवून आत आला. पाठोपाठ कॅमेरा घेतलेली ट्रेसी, आणखी चौघं, आणि सगळ्यात मागे कपाळाचा घाम पुसत पाळक नीमी. ड्वेनने मिसाओकडे बघून हात हलवला. बोलावलं होतंस, आलो.

कॅप्टन उत्सुमी मिसाओच्या कानाशी पुटपुटली, "तुझे पाहुणे?"

"हो."

"आज?"

"मी 'कधीतरी या' म्हणाले होते."

"छान. मग दाखवू त्यांना."

पाहुण्यांना हाकलता येत नव्हतं आणि ठरलेला सराव मोडता येत नव्हता. त्यांच्यासाठी गाद्या टाकल्या गेल्या. ड्वेनने बिस्किटांचा डबा पुढे केला. एका मुलीने तो दोन्ही हातांनी घेऊन कोपऱ्यात ठेवला. मग नगारा वाजला.

पहिलीने चिनामीच्या डोक्यावर इतके फटके मारले की बांबूचा आवाज छताला लागून परत येत होता. दुसरीने खांद्याने धडक देऊन तिला भिंतीवर फेकलं. चिनामी उठली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीने पाय मारून पाडलं, पडल्यावर कवच नसलेल्या मांडीवर मारलं, उठताना पुन्हा मारलं. चिनामी हातापायांवर रांगत आपली तलवार शोधत होती. ड्वेनला वाटलं असावं की ही हरणाऱ्या बाजूची आहे, तेव्हा हिलाच धीर द्यायला हवा. तो तिचं नाव घेऊन ओरडला. ट्रेसीने कॅमेरा डोळ्याला लावला.

नीमींचे ओठ पांढरे पडले होते. ड्वेनने त्यांना काहीतरी विचारलं. "कडक आहे," एवढंच ते म्हणाले.

चौथीचा फटका आडवा आला. मुखवट्याच्या बाजूला जिथे फक्त कापूस भरलेलं कापड असतं, तिथे, कानावर. चिनामी पडली नाही, पण वाट चुकल्यासारखी उलट दिशेला तोंड करून उभी राहिली. पाचवीने तिला पाठीवर मारून वळवलं.

मग मिसाओची पाळी आली.

तिला वाटलं होतं, एकच सणसणीत वार करावा, गळ्यावर. चिनामी पडेल, उठणार नाही, आज कॅप्टनची फेरी तरी टळेल. ती आरोळी ठोकून धावली. दोघींच्या तलवारींच्या मुठी एकमेकींत अडकल्या आणि मुखवट्याला मुखवटा भिडला. इतक्या जवळून जाळीच्या आत दिसलं: चिनामीचे डोळे टक्क उघडे होते आणि गालावरून मानेकडे रक्ताची बारीक धार उतरत होती.

"मी गळ्यावर मारते," मिसाओ दातांमधून म्हणाली. "पड. आणि पडूनच राहा."

"काय? या कानाने ऐकू येत नाही."

"पडून राहा म्हणतेय."

"नाही. मग पुन्हा यावं लागेल. मारा ना ताई. लवकर मारा."

मिसाओच्या लक्षात आलं की चिनामी आपल्या अंगावर रेललीय. आपण मागे सरलो तर ही कोसळेल. म्हणून ती मागे सरलीच नाही. मूठ मुठीत दाबून, लांबून बघणाऱ्याला जोरदार रेटारेटी वाटावी असं तिने चिनामीला आपल्या छातीवर तोलून धरलं.

"सुटा," उत्सुमी ओरडली.

मिसाओ सुटली नाही.

"मिसाओ. सुट म्हणते ना."

उत्सुमीची तलवार मिसाओच्या पाठीवर बसली. पाठीला कवच नसतं. दुसरा फटका, तिसरा. मिसाओच्या तोंडातून आवाज निघाला, पण पकड ढिली झाली नाही. चौथा फटका खांद्यावरून पुढे येऊन गळ्याखालच्या जुन्या मोडलेल्या हाडावर बसला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने चिनामीला खांबाशी टेकवलं आणि वळली.

पुढे झालं ते केंदो नव्हतं. मिसाओने उत्सुमीच्या कोपरावर मारलं, मग गळ्यावर, मग पुन्हा कोपरावर. उत्सुमीही कच्ची नव्हती. तिने मिसाओच्या गुडघ्यावर लाथ घातली, दोघी जमिनीवर पडल्या, मिसाओने तिचा मुखवटा दोन्ही हातांनी धरून फळीवर आपटला. नियमाचा वार, गुण मिळवायचा वार असं काही उरलं नव्हतं. बाप दोर उगारायचा तेव्हा अंगात जे साठायचं ते सगळं मिसाओच्या हातांत उतरलं होतं आणि ते कुणासाठी चाललंय हेही ती विसरली होती.

टाळ्या थांबल्या होत्या. जमिनीवर, चिनामीच्या पायांशी, रक्ताचे थेंब होते. ड्वेन उभा राहिला आणि मोज्यांवरच आखाड्यात धावला. गुळगुळीत फळ्यांवर घसरून तो आडवा पडला, पण सरपटत जाऊन त्याने मिसाओला कमरेला धरून मागे ओढलं. उत्सुमी धापा टाकत उठली. तिचा उजवा हात लोंबत होता.

त्याच क्षणी खांबाजवळून आवाज आला.

"कॅप्टन."

चिनामी खांब सोडून पुढे आली होती. एकटी, पाय फाकवून, पण उभी. तिने तलवार खाली घेतली, टाचा जुळवल्या आणि कमरेतून वाकली. "आजवर शिकवलंत, मनापासून आभारी आहे."

उत्सुमी दहा वर्षांची असल्यापासून आखाड्यात वाढली होती. समोरची व्यक्ती असं वाकली की आपण वाकायचं, हे डोक्याला विचारून होत नाही. तिची कंबर वाकली. अर्ध्यावर तिला कळलं की आपण काय केलं, पण तोपर्यंत भिंतीशी बसलेल्या सगळ्या मुलींनी ते पाहिलं होतं. कॅप्टनने नमस्कार केला होता. निरोप झाला होता.

चिनामी मग खाली बसली आणि एका कुशीवर कलंडली. ड्वेनने तिला लहान मुलासारखं उचललं. तो रडत होता. ट्रेसीने कॅमेरा गादीवरच टाकला होता. पाहुण्यांची गाडी चिनामीला घेऊन दवाखान्याकडे गेली.

आखाड्यात मुली तशाच बसून होत्या. उत्सुमीने डाव्या हाताने मुखवटा काढला. तिचा ओठ फाटला होता.

"तुझी शिफारस गेली," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि सोडायचं असेल तर रीत तुलाही तीच."

मिसाओने ओळीवर नजर फिरवली. "लावा रांग."

"आज?"

"मग काय, पाहुणे परत बोलवायचे?"

कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. मिसाओने मुखवट्याच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या. पहिल्यांदा उभी राहिली तीच मुलगी, जिने चिनामीला पहिले फटके मारले होते. आता तिचे वार कापसासारखे पडत होते.

"नीट मार गं," मिसाओ म्हणाली. "हळू मारलंस तर कॅप्टन तुला परत मारायला लावेल. दोघींचा वेळ जाईल."

मग तिने नीट मारलं. पुढच्यांनीही मारलं. उत्सुमीने डाव्या हाताने मारलं, आणि डाव्या हाताचा अंदाज नसल्यामुळे वार भलतीकडेच लागत होते, ते सगळ्यात वाईट. मिसाओ तीनदा पडली. शेवटी उभी राहून वाकली तेव्हा उत्सुमी क्षणभर तशीच ताठ राहिली. मग तीही वाकली, या वेळी विचार करून.

बाहेर पायरीवर पाळक नीमी बसले होते. त्यांनी गाडीत जागा नव्हती असं सांगितलं. मिसाओ एका हाताने बूट घालायची खटपट करत होती. त्यांनी वाकून तिची नाडी बांधली.

"मी ड्वेनला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पहिल्या फटक्यालाच."

"काय सांगितलं असतंत?"

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी हातात घेतली. गाठ मारत म्हणाले, "दवाखान्यातून फोन आला होता. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, थोडंफार ऐकू येईल, पूर्ण नाही." मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "उद्या येशील उपासनेला?"

"मी? नाही. माझा विश्वास नाही, नीमीसान. हात उगीच वर केला होता."

"माहीत आहे."

"पण चिनामीला आणून सोडेन, चालायला लागली की." मिसाओ भिंतीला धरून उभी राहिली. "स्टेशनच्या रस्त्याला ट्रक फार असतात. डावीकडून आलेले तिला कळायचे नाहीत."