घासून गेलेला नंबर

परदेशातल्या बंदरात बोट बंद पडून होती. बोट चालवणाऱ्या तांडेलाने मालकाचा निरोप आणला तेव्हा दाजी इंजिनाच्या खोलीत पोटावर पालथा पडून पंप सोडवत होता. निरोप सरळ होता. उद्या संध्याकाळपर्यंत इंजिन चालू झालं नाही तर टग येईल, बोट ओढत भंगाराच्या धक्क्यावर नेईल आणि माणसं विमानाने घरी जातील.

"आणखी काही म्हणाला?" दाजीने मान न वळवता विचारलं.

तांडेल घुटमळला. "म्हणाला, इंजिनही म्हातारं, मिस्त्रीही म्हातारा. दोघांनाही आता सुट्टी द्या."

"माझी सुट्टी मी मागेन तेव्हा," असं म्हणून दाजीने पुन्हा पाना लावला.

बोटीवर सगळे त्याला दाजी म्हणायचे ते स्वयंपाक्यामुळे. स्वयंपाकी त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं ऐकून तांडेल दाजी म्हणू लागला, मग ज्यांची कुणाचीच बहीण दाजीला दिलेली नव्हती ते खलाशीही. मिसरूड फुटायच्या आधी तो या बोटीवर इंजिनाखालचं तेलकट पाणी उपसायला आला होता. वस्ताद थकून घरी बसला आणि इंजिन दाजीच्या गळ्यात पडलं. मालक बदलत गेले, इंजिन तेच राहिलं. त्याच्या आवाजाने दाजीचा एक कान गेला. "एक कान इंजिनाला दिला, दुसरा बायकोसाठी राखून ठेवलाय," असं तो म्हणायचा. बायकोचं म्हणणं, राखलेला कान इंजिनाचा आहे.

बोट भंगारात गेली तर या वयात दुसऱ्या इंजिनाजवळ त्याला कुणी उभं करणार नव्हतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मोडला होता तो पंपाचा दांडा. समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारा पंप. दांड्याला एक दातेरी चाक. दोन्ही मिळून कोपरापर्यंतसुद्धा भरत नाहीत, पण त्यांच्यावाचून इंजिन तापून जाम होणार.

वस्तादाने एक शिस्त लावली होती. दुकानात पार्ट दाखवायला न्यायचा तो स्वच्छ करून. मळका पार्ट पाहिला की दुकानदार बोटीलाच भंगार समजतो. दाजीने मोडका दांडा रॉकेलमध्ये बुडवला, ब्रश मारला, मग पॉलिशपेपर घेऊन बसला. चाक आरशासारखं झाल्यावरच उठला.

"दाजी, मुलगी दाखवायला निघालो का आपण?" मेव्हण्याने विचारलं. त्याला इथली भाषा बाजारापुरती येत होती, म्हणून तो बरोबर.

"चपला घाल आणि चल."

पहिल्या दुकानदाराने पार्ट उलटापालटा केला, चाकावरून अंगठा फिरवला आणि काहीतरी विचारलं.

"नंबर मागतोय," मेव्हणा म्हणाला. "म्हणतो, चाकावर ठोकलेला असतो."

दाजीने चाक उजेडात धरलं. त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं. नंबर दिसला नाही.

"होता," तो म्हणाला. "सकाळपर्यंत होता."

मेव्हण्याने चाकात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "अजून जरा घासलं असतं तर पार्टही दिसला नसता."

पुढच्या दुकानात तेच झालं, त्याच्या पुढच्याही. लेथवाला म्हणाला, दांडा करून देतो, पण चाकाचे दाते पाडायचे तर पुढच्या आठवड्यात या. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. नंबर नसेल तर माणूस कपाटातून काय काढणार? चूक दाजीची होती आणि ती त्याला बुटातल्या खड्यासारखी टोचत होती. तो लंगडला नाही, उलट भराभर चालू लागला.

एका पायरीवर मेव्हण्याने बसकण मारली. "सोडा ना, दाजी. विमानात बसू. ताई खूश होईल."

"तुझ्या ताईला मी बोटीवरचा चालतो. घरात ठिय्या मारलेला दोन दिवस तरी चालेल का, विचार तिला. ऊठ."

शेवटच्या दुकानदाराला दया आली असावी. त्याने बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली दाखवली.

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं फाटक, आत जुन्या होड्यांचे सांगाडे. एका सांगाड्यात ताडपत्रीखाली इंजिन होतं. दाजीने ताडपत्री उचलली आणि पंपाच्या तोंडावर हात ठेवला. तेच होतं. त्याला ओळखायला नंबर लागत नव्हता.

मागून आरडाओरडा झाला. जागेची मालकीण, पांढऱ्या केसांची बाई, हातात चहाची किटली घेऊन आली.

"तिच्या नवऱ्याच्या बोटीचं इंजिन आहे," मेव्हण्याने तिचं ऐकून सांगितलं. "पार्ट देईन म्हणते, पण गॅसकटर लावायचा नाही, घण मारायचा नाही. काही तुटलं की फाटकाबाहेर."

"मग काय फुंकर मारून उघडू?"

"हे सांगू?"

"नको. म्हण, पान्याने उघडतो."

बाई हसून काहीतरी बोलली. मेव्हण्याने सांगितलं, "म्हणते, असं म्हणणारे बरेच आले. खालचा बोल्ट कुणाच्या बापाला सुटला नाही."

"म्हण, मी आलो नव्हतो."

वरचे बोल्ट कुरकुरत सुटले. खालचा गंजून एकजीव झाला होता. त्याला नुसता जोर लावला तर डोकं तुटून हातात येतं. दाजीने तेल सोडलं, थांबला. पान्याच्या दांडीने टिचक्या मारल्या, पुन्हा तेल सोडलं. मग बाईची किटली मागितली. उकळतं पाणी बोल्टच्या भोवती ओतायचं आणि डोक्यावर गार ओली चिंधी धरायची. पुन्हा पाना. बोटांची सालं निघाली, तरी बोल्ट हलेना. मेव्हणा चुलीपासून इंजिनापर्यंत किटली नेऊन नेऊन वैतागला.

"घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाहीत, दाजी. आणि इथे परक्या लोखंडाला आंघोळ!"

"ओत. बोलू नकोस."

फाटक बंद करायची वेळ झाली. बाई कुलूप घेऊन आली, दाजीच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, कुलूप खिळ्याला अडकवलं आणि स्वतः किटली भरायला गेली.

तिने ओतलेल्या पाण्यावर दाजीने पाना लावला. सोडवायच्या दिशेने नाही, आधी किंचित आवळायच्या. मनगटाला काहीतरी कळलं. मग त्याने उलटा ताण दिला. बोल्ट ओरडला आणि फिरला.

दांडा काळ्या ग्रीसमध्ये निजल्यासारखा निघाला. दाजीने सगळे बोल्ट पुसून, तेल लावून पुन्हा जागच्या जागी बसवले, उघड्या तोंडावर पत्रा बांधला आणि ताडपत्री ओढली. बाईने पैसे भंगाराच्या भावाने घेतले. चकचकीत मोडका दांडा मात्र तिने मागून घेतला आणि खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दाजी पंप जुळवत होता तेव्हा टग वेळेआधीच आला. त्याच्यावरून दोर येऊन डेकवर पडला. खलाशांनी तांडेलाकडे पाहिलं, तांडेलाने इंजिनाच्या खोलीच्या झाकणाकडे.

खालून एक खोकला आला. मग दुसरा. मग डेक थरथरू लागला आणि बोटीच्या कुशीतून पाण्याची धार टगच्या दिशेने उडाली.

दाजी वर आला. त्याने दोर गोळा केला, हाताला लागला तेवढ्याचं वेटोळं केलं आणि ते दोन्ही हातांनी टगवर परत फेकलं.

"मालकाला काय सांगू?" तांडेलाने विचारलं.

"सांगा, म्हातारा कामावर आहे."

खाली येऊन त्याने पॉलिशपेपर शोधला. पंपाचं बाहेरचं अंग मळकट दिसत होतं. पेपर सापडला नाही. मेव्हण्याने तो मिठाच्या डब्यात लपवला होता.